न पाहिलेल्या सिनेमाचं भांडण : एका चित्रपट मंडळाचं प्रकरण

पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात आमचं चित्रपट मंडळ आहे. गावाचं आणि माणसांची नावं इथे गाळली आहेत, आणि कोणी ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील इकडचे तिकडे केले आहेत. मी मंडळाचा संयोजक. म्हणजे हॉलची किल्ली माझ्याकडे आणि चहाची उधारीही माझ्याच नावावर.

सभासद ३४. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वाचनालयाच्या माडीवर जमायचं आणि महिनाभरात पाहिलेल्या सिनेमांवर तासभर भांडायचं, असा शिरस्ता. जानेवारीच्या सभेत आदल्या वर्षाची पाच नामांकनं जाहीर होतात, हात वर करून मतदान होतं आणि जिंकलेल्या सिनेमाच्या नावाने एक पितळी तांब्या विकत घेतला जातो. तो न्यायला कोणी येत नाही. दिग्दर्शकाला पत्र टाकतो, आणि तांब्या वाचनालयाच्या कपाटात जातो. या प्रकरणापर्यंत असे सहा तांबे जमले होते. सभेला पाणी त्यांतूनच पितो.

नामांकनं ठरवायला तेव्हा पाच जणांची निवड समिती होती. नियम एकच होता : सिनेमा आमच्या गावातल्या थिएटरात लागलेला हवा. हा नियम आणि ही समिती या प्रकरणात पुढे येणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

मंडळात पुरस्कारांचं वेड जुनं आहे. २००४ साली ‘श्वास’ ऑस्करला गेला तेव्हा प्रचाराच्या खर्चासाठी लोकांकडून पैसे गोळा करावे लागले होते. आमच्यातले चार-पाच जण त्या वेळी पेटी घेऊन फिरले होते आणि ती गोष्ट अजून सांगतात. २००९मध्ये ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ गेला, २०१५मध्ये ‘कोर्ट’. अंतिम पाचात एकही पोचला नाही. भारताचे आजवर तीनच सिनेमे तिथवर गेलेत : ‘मदर इंडिया’, ‘सलाम बॉम्बे’ आणि ‘लगान’.

ज्यांना ही भानगड ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ऑस्करच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट विभागात प्रत्येक देशाने एकच सिनेमा पाठवायचा असतो. आपल्याकडे तो फिल्म फेडरेशन ऑफ इंडिया नेमते ती ज्युरी ठरवते, तीही निर्मात्यांनी आपणहून दाखल केलेल्या सिनेमांमधूनच. त्यामुळे दरवर्षी कोणीतरी एक जातो, बाकीच्यांचे चाहते ‘डावललं’ म्हणतात. २०१३मध्ये ‘द लंचबॉक्स’ राहिला आणि गुजराती ‘द गुड रोड’ गेला, २०२२मध्ये ‘आरआरआर’ राहिला आणि ‘छेल्लो शो’ गेला. दोन्ही वेळा आमच्या माडीवरच्या पंख्यापेक्षा आवाज माणसांचाच जास्त होता. पण भांडण तिथल्या तिथे मिटलं. २०२४मध्ये मिटलं नाही.

अडचण

२३ सप्टेंबर २०२४, सोमवार. पितृपक्ष चालू होता. दुपारी बातमी आली की चेन्नईत ज्युरीने २९ सिनेमांमधून किरण राव यांचा ‘लापता लेडीज’ निवडला. संध्याकाळपर्यंत माझ्या फोनवर मंडळातल्या लोकांचे साठेक मेसेज. बहुतेकांचं म्हणणं एकच : पायल कपाडियांच्या ‘ऑल वुई इमॅजिन ॲज लाइट’ला डावललं.

चिडायला कारणं होती, आणि ती खरी होती. त्या सिनेमाने मे महिन्यात फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात ग्राँ प्री, म्हणजे तिथलं दुसऱ्या क्रमांकाचं पारितोषिक, मिळवलं होतं. कानच्या मुख्य स्पर्धेत भारतीय सिनेमा तीस वर्षांनी पोचला होता. आधीचा शाजी करुण यांचा ‘स्वहम्’, १९९४चा. त्यात ज्युरीच्या निवेदनाची सुरुवातच अशी की भारतीय स्त्री म्हणजे शरणागती आणि वर्चस्व यांचं विचित्र मिश्रण. हे लिहिणाऱ्या ज्युरीत १३ जण आणि तेराही पुरुष. अध्यक्ष जाह्नू बरुआ यांच्यासारखा मोठा दिग्दर्शक, तरी हे असं. दोन-तीन दिवसांनी फेडरेशनच्या अध्यक्षांचं म्हणणं छापून आलं की ज्युरीला कपाडियांचा सिनेमा भारतात घडणारा युरोपियन सिनेमा वाटला, भारतीय सिनेमा वाटला नाही. आमच्या मंडळात तर आगीत तेल पडल्यासारखा भडकाच उडाला.

६ ऑक्टोबरची सभा. हजर २६, एरवी पंधरा-सोळा येतात. तीन दिवसांपूर्वीच मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला होता, त्यामुळे हवा आणखीच तापलेली. आमचे ज्येष्ठ सभासद, निवृत्त मुख्याध्यापक (पुढे ‘सर’ म्हणतो, सगळं गावच म्हणतं) उभे राहिले. २९ सिनेमांत ‘स्वरगंधर्व सुधीर फडके’ होता, ‘घरत गणपती’ होता. मराठीचा विचार झाला नाही, आणि कानमध्ये गाजलेल्या सिनेमाचाही नाही, तेव्हा मंडळाने लेटरहेडवर निषेधाचं पत्र पाठवावं, असा त्यांचा ठराव. टाळ्या पडल्या.

तेवढ्यात ग्रामीण रुग्णालयात काम करणाऱ्या आमच्या परिचारिका ताईंनी मागच्या बाकावरून विचारलं, “सर, तो सिनेमा कुणी कुणी पाहिलाय?”

कोणी म्हणजे कोणीच पाहिला नव्हता. पाहणार कुठून? २१ सप्टेंबरला केरळात मोजक्या थिएटरांत तो मल्याळम नावाने लागला होता, बस्स. ऑस्करच्या नियमाला सात दिवस थिएटरात लागावा लागतो, ते त्यामुळे साधलं. बाकी देशात तो नोव्हेंबरच्या शेवटी येणार होता. आमच्या एका सभासदाचा भाचा एर्नाकुलमला नोकरीला आहे, त्याने पाहिला होता. त्याला तिथूनच फोन लावला. तो म्हणाला, “मामा, चांगला आहे. पण तुम्हाला स्लो वाटेल.” एवढ्या एका वाक्यावर आम्ही पत्र लिहायला निघालो होतो.

मग ‘लापता लेडीज’ किती जणांनी पाहिला? १ मार्चला थिएटरात लागला होता आणि एप्रिलअखेरीस नेटफ्लिक्सवर आला होता. तरीही हात वर झाले अकरा.

सर म्हणाले, “प्रश्न सिनेमा पाहण्याचा नाही, तत्त्वाचा आहे.” ताई म्हणाल्या, “सर, तत्त्वाला तिकीट लागत नाही. सिनेमाला लागतं.” यावर हसू उठलं, आणि सरांना ते लागलं. हसू थांबवायला हवं होतं. मीही हसत होतो.

समोर असलेले पर्याय

त्या सभेत आणि पुढच्या आठवड्यात पर्याय चार निघाले.

पहिला सरांचा : पत्र आत्ताच, लोखंड गरम आहे तोवर. मतदान घेतलं तर २६ पैकी १५ जण याच बाजूचे होते. बहुमत स्पष्ट होतं, हे नोंदवायलाच हवं.

दुसरा आमच्या वकील काकांचा : काहीच करू नका. ज्युरीचा निर्णय झालेला आहे, तो फिरत नाही. देशाने पाठवला नाही म्हणजे त्या सिनेमाचं दार बंद झालं असंही नाही, कारण अमेरिकेत थिएटरात लागला तर बाकीच्या विभागांत तो उतरतोच. ‘आरआरआर’ तसाच गेला आणि ‘नाटू नाटू’ने ऑस्कर आणलं की नाही? मुद्दा बिनतोड होता. पण चिडलेल्या माणसाला बिनतोड मुद्द्याची जास्तच चीड येते.

तिसरा कॉलेजातल्या दोन पोरांचा : ‘लापता लेडीज’ माडीवर प्रोजेक्टर लावून सगळ्यांना दाखवू, एकाकडे नेटफ्लिक्स आहेच. वकील काकांनी तिथल्या तिथे मोडता घातला. घरच्या वर्गणीवर सार्वजनिक खेळ लावता येत नाही, आणि वाचनालयाला नोटीस आली तर आपली माडी जाईल. ज्याच्या त्याच्या घरी बघा. मला हे त्या वेळी फार कायद्याचं वाटलं होतं. आता वाटतं, त्यांनी आम्हाला वाचवलं.

चौथा ताईंचा : दोन्ही सिनेमे आधी पाहू, मग पत्र. पत्र लिहायचं असेल तर त्यात “आम्ही पाहिला” असं लिहिता तरी येईल.

मी चौथ्याच्या बाजूने निर्णय दिला. निर्णय दिला म्हणजे काय, सभा संपवताना म्हणालो, “पत्राचा ठराव मंजूर, पण पाठवायचं सिनेमा पाहिल्यावर.” १५ जणांना वाटलं ठराव मंजूर झाला. ११ जणांना वाटलं तो पुढे ढकलला. दोघांनाही खूश ठेवायचा तो माझा शहाणपणा होता आणि सगळा घोळ त्याच वाक्यातून सुरू झाला. बहुमताविरुद्ध जायचं तर तसं सांगून जायला हवं होतं, किंवा पुन्हा मतदान घ्यायला हवं होतं.

काय केलं

ऑक्टोबरभर लोकांनी आपापल्या घरी ‘लापता लेडीज’ पाहिला. काहींनी शेजाऱ्यांकडे. ताईंनी रुग्णालयातल्या दोन सहकाऱ्यांसोबत पाहिला. महिनाअखेर २९ जणांचा पाहून झाला. आणि मजा म्हणजे, “डावललं” म्हणून ओरडणाऱ्यांतल्या निम्म्यांना तो फार आवडला. २००१ सालचा काळ, एका रेल्वेच्या डब्यात घुंघटामुळे अदलाबदल झालेल्या दोन नवऱ्या, स्टेशनावर चहा-भज्यांचा गाडा चालवणारी मंजू माई. छाया कदमांची मंजू माई तर आमच्याकडच्या बायकांना इतकी पटली की तिची वाक्यं पाठ झाली. आणि त्याच छाया कदम त्या दुसऱ्या सिनेमातही आहेत हे कळल्यावर भांडणातली हवाच थोडी कमी झाली. दोन्हीकडे आपलंच माणूस!

नोव्हेंबरचा पहिला रविवार भाऊबीजेचा निघाला, म्हणून सभा रद्द केली. इथे आणखी एक चूक. सभा रद्द झाल्यामुळे दोन महिने कोणी समोरासमोर बोललं नाही, आणि फोनवर माणूस समोर असतो त्यापेक्षा वाईटच वाटतो. सरांचा समज झाला की मी मुद्दाम वेळ काढतोय.

२२ नोव्हेंबरला ‘लाइट’ (आम्ही त्याला असंच म्हणायला लागलो होतो) देशभर लागला. आमच्या जवळपास कुठेच नव्हता. पुण्यात होता, तेही मोजके खेळ. २४ तारखेच्या रविवारी आम्ही टेम्पो ट्रॅव्हलर केली. १७ जण. आदल्याच दिवशी विधानसभेचा निकाल लागला होता. रस्त्यावर ठिकठिकाणी गुलाल, आमच्या गाडीतही निम्मा रस्ता निकालाचंच बोलणं. खंबाटकी घाट ओलांडल्यावर कुठे सिनेमाचा विषय निघाला. माणशी खर्च तिकीट आणि गाडी धरून सहाशेच्या घरात गेला. सर आले नाहीत. गुडघ्याचं कारण सांगितलं.

सिनेमा संपल्यावर गाडीत बराच वेळ कोणी बोललं नाही. हे आमच्याकडे होत नाही. मुंबईतल्या इस्पितळात नर्स असलेली प्रभा, तिचा जर्मनीत गेलेला आणि फोनही न करणारा नवरा, एके दिवशी घरी येऊन पडलेला राइस कुकर, आणि तो कुकर ती रात्री मिठीत घेते तो प्रसंग. चाळीतलं घर बिल्डरने हिरावून घेतलेली, इस्पितळात स्वयंपाक करणारी पार्वती, आणि तिच्यासोबत रत्नागिरीकडच्या तिच्या गावी गेलेल्या प्रभा आणि तिच्याच खोलीत राहणारी नर्स अनू. शिरवळला चहाला थांबलो तेव्हा ताई म्हणाल्या, “नाइट संपवून खोलीवर गेल्यावर आम्ही असंच बसतो. बत्ती न लावता. हे युरोपियन कुठून आलं?”

एक पोरगा म्हणाला, “ताई, पण पैसे फ्रान्सचे आहेत त्यात.” खरंच आहे, भारतासोबत फ्रान्स, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग त्यात निर्माते होते. त्यावर वकील काका म्हणाले, “अरे, धरणाला वर्ल्ड बँकेचे पैसे असले म्हणून पाणी काय अमेरिकन होतं का?” पण हेच काका पुढे म्हणाले की मला विचाराल तर पाठवायला ‘लापता’च बरा, कारण तो न कंटाळता कुणीही बघेल. तिथे एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. सिनेमा आवडणं एक आणि तो पाठवावा असं वाटणं दुसरं. आम्ही दोन महिने हे दोन प्रश्न एकाच पिशवीत घालून हलवत होतो.

म्हणून १ डिसेंबरच्या सभेत दोन चिठ्ठ्या केल्या. एकीवर प्रश्न : चांगला कोणता? दुसरीवर : तुम्ही ज्युरीत असता तर कोणता पाठवला असता? मत फक्त दोन्ही पाहिलेल्यांनी द्यायचं. पुण्यात राहणारे दोन सभासद धरून असे १९ जण होते. हात वर करून नको, चिठ्ठीच, हा आग्रह ताईंचा.

चांगला कोणता? ‘लाइट’ ११, ‘लापता’ ८.
पाठवायचा कोणता? ‘लाइट’ ९, ‘लापता’ १०.

१९ पैकी सहा जणांनी दोन चिठ्ठ्यांवर वेगवेगळी नावं लिहिली होती. चौघे इकडून तिकडे, दोघे तिकडून इकडे. त्या दोघांतल्या एकाने चिठ्ठीवर कारणही लिहिलं : मला ‘लापता’ आवडला, पण परदेशात ज्याला आधीच ओळखतात तोच पाठवावा. म्हणजे ज्या ज्युरीला आम्ही शिव्या घालत होतो तिच्या जागी आम्ही असतो तर एका मताने का होईना, निकाल तोच लागला असता. कारणं मात्र वेगळी असती, आणि निवेदन आम्ही नक्कीच बरं लिहिलं असतं.

पत्राचा ठराव आपोआप पडला. असं मला वाटलं.

निकाल

१२ डिसेंबरला पोस्टमनने मंडळाच्या नावाचं एक पाकीट आणून दिलं. पत्ता अपुरा, म्हणून परत आलेलं. आमचंच लेटरहेड, आमचाच शिक्का. आत सरांच्या वळणदार अक्षरातलं पत्र, तारीख १० ऑक्टोबर. मजकूर अभ्यासपूर्ण होता, मराठीचा मुद्दा चांगला मांडला होता. पण दुसऱ्या परिच्छेदात वाक्य होतं : “आमच्या मंडळाच्या सर्व सभासदांनी दोन्ही चित्रपट पाहून एकमताने…”

सभेनंतर चौथ्याच दिवशी त्यांनी ते पोस्टात टाकलं होतं. त्यांच्या दृष्टीने ठराव मंजूर झालेला होता, मीच तसं म्हणालो होतो. त्यामुळे पत्र पाठवण्याबद्दल त्यांना दोष देता येत नाही. त्या एका वाक्याबद्दल येतो.

आता काय करायचं? एक, पाकीट सभेत उघडं करायचं. दोन, सरांशी एकट्याने बोलायचं. तीन, ठेवून द्यायचं. पोचलं नाही म्हणजे घडलंच नाही, असं म्हणून मी तिसरा मार्ग धरला आणि पाकीट कपाटात तांब्यांच्या मागे ठेवलं. हा या प्रकरणातला माझा सगळ्यांत कच्चा निर्णय. तालुक्याच्या गावात पोस्टमनला जे ठाऊक ते सगळ्यांना ठाऊक. आठ दिवसांत सरांच्या कानावर गेलं की पत्र परत आलं आणि संयोजकाने ते दाबून ठेवलंय. सरांनी सभेला येणं बंद केलं. त्यांच्यासोबत आणखी दोघांनी.

दरम्यान बाहेर बरंच घडत होतं. ९ डिसेंबरला गोल्डन ग्लोब या अमेरिकेतल्या दुसऱ्या मोठ्या पुरस्काराची नामांकनं आली, त्यांत ‘लाइट’ला दोन, आणि त्यातलं एक दिग्दर्शनासाठी. भारतीय दिग्दर्शकाला ते पहिल्यांदाच मिळत होतं. १८ तारखेला सकाळी ऑस्करची १५ सिनेमांची यादी आली, ८५ देशांमधून काढलेली. ‘लापता लेडीज’ तीत नव्हता. ज्यांनी ‘लाइट’ला मत दिलं होतं त्यांनी लगेच “बघा, सांगितलं होतं” सुरू केलं. पण त्याच यादीत ‘संतोष’ होता. संध्या सुरी यांचा, हिंदी बोलणारा, उत्तर भारतातल्या एका महिला शिपायाची गोष्ट सांगणारा सिनेमा, आणि तो पाठवला होता ब्रिटनने. त्यावर पोरं म्हणाली, हा भारतीय की युरोपियन? वकील काकाही गप्प बसले.

‘लाइट’ पाठवला असता तर तो यादीत आला असता का, याचं उत्तर कुणाकडेही नाही. गोल्डन ग्लोबमध्ये तो जिंकला नाही. अमेरिकेत लागल्यामुळे तो ऑस्करच्या इतर विभागांत पात्र होता, पण २३ जानेवारीच्या नामांकनांत त्याचं नाव कुठेच नव्हतं. आमच्यातले काही जण अजूनही ठामपणे सांगतात की आला असता. सांगोत बापडे.

५ जानेवारीला आमची वार्षिक सभा झाली. निवड समितीने पाच नामांकनं वाचली. पाचांत ‘लाइट’ नव्हता. कारण? गावातल्या थिएटरात लागला नव्हता. नियम!

हशा पिकायला हवा होता, पण कोणी हसलं नाही. ताई उभ्या राहिल्या. “तेरा पुरुष, तेरा पुरुष म्हणून तीन महिने आपण ओरडतोय. आपली समिती पाच जणांची. त्यात बाई किती?” एकही नव्हती. मंडळात १२ बायका आहेत, सहा वर्षं. कुणी त्यांना नको म्हटलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं. मग एका पोराने मागच्या सहा वर्षांत फक्त पुण्या-मुंबईत लागलेले आणि आमच्या नियमामुळे विचारातच न घेतलेले मराठी सिनेमे मोजायला सुरुवात केली. विसापर्यंत गेल्यावर मीच त्याला थांबवलं. त्या विसांच्या नावाने कुणी पत्र पाठवलं नव्हतं.

त्याच सभेत दोन बदल झाले. समिती सात जणांची, त्यात किमान तीन बायका, आणि दर वर्षी नवी. गावातल्या थिएटराचा नियम रद्द, त्याऐवजी निदान दहा सभासदांनी पाहिलेला सिनेमा नामांकनाला पात्र. तो कुठे पाहिला हे विचारायचं नाही. ‘लाइट’ दोनच दिवसांपूर्वी, ३ तारखेला हॉटस्टारवर आला होता, त्यामुळे नव्या नियमाने मतदान महिनाभर पुढे ढकललं. फेब्रुवारीत चिठ्ठ्या मोजल्या. सातवा तांब्या ‘लापता लेडीज’ला गेला, चार मतांनी. ताईंनी स्वतः बाजारातून आणला, आणि आधीच्या सहांपेक्षा जरा मोठाच.

पुन्हा वेळ आली तर

संयोजक म्हणून मला विचाराल तर ६ ऑक्टोबरच्या सभेत मी पहिलाच प्रश्न “कुणी पाहिलाय?” असा विचारायला हवा होता. तो ताईंना मागच्या बाकावरून विचारावा लागला, म्हणूनच तो सरांना टोमण्यासारखा लागला. तोच प्रश्न टेबलामागून आला असता तर तो सभेचा नियम ठरला असता.

सरांचं पत्र सिनेमांची तुलना न करताही लिहिता आलं असतं, हे मला फार उशिरा सुचलं. ज्युरीत एकही बाई नाही, निवेदनाची भाषा अशी, एवढंच लिहायला सिनेमा पाहावा लागत नाही. निवेदन वाचलं की पुरे. ते पत्र दुसऱ्याच दिवशी, सगळ्यांच्या सहीने, खरं बोलून पाठवता आलं असतं, आणि सरांचंही समाधान झालं असतं. सर म्हणत होते तत्त्वाचा प्रश्न आहे, आणि त्या भागापुरते ते बरोबर होते. आम्ही त्यांना सगळंच्या सगळं चूक ठरवलं.

दोन चिठ्ठ्यांची कल्पना मात्र मी पुन्हा वापरेन. फक्त तिसरी चिठ्ठीही ठेवेन : निवडीची पद्धत तुम्हाला पटते का? आमच्या १९ जणांतल्या किती जणांचा राग निकालावर होता आणि किती जणांचा पद्धतीवर, हे आम्ही कधी मोजलंच नाही. माझा अंदाज, बहुतेकांचा पद्धतीवर होता. पण अंदाजावर चालल्यामुळेच इतकं रामायण झालं.

आणि पाकीट. ते मी त्याच दिवशी सरांच्या घरी घेऊन जायला हवं होतं. शेवटी मार्चमध्ये गेलो. सरांनी चहा दिला, पाकीट घेतलं, उघडलं नाही. “पिनकोड चुकला होता वाटतं,” एवढंच म्हणाले. त्या वाक्याबद्दल ना ते बोलले, ना मी.

१९ सप्टेंबर २०२५च्या शुक्रवारी नवी निवड जाहीर झाली : नीरज घेवान यांचा ‘होमबाउंड’. तो थिएटरात यायचाच होता, २६ तारखेला. नेमका त्याच शुक्रवारी रोहन कानवडेंचा मराठी ‘साबर बोंडं’ लागला होता, जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात ज्युरीचं मोठं पारितोषिक घेतलेला. संध्याकाळी फोन वाजायला लागले : मराठीला पुन्हा डावललं, पत्र लिहा. साडेआठला सरांचा फोन आला. नऊ महिन्यांत पहिल्यांदा.

“पाहिलात का?”

“नाही सर, आजच लागलाय. पुण्याला आहे.”

“मग रविवारी गाडी ठरवा. पुढची सीट मला ठेवा, गुडघा दुमडत नाही. आणि लेटरहेड घरी ठेवा.”